मत्स्यपुच्छाच्या पायथ्याशीं

हिमालयाचें नांव निघालें म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें बदरीकेदार उभे राहतात, आणि तरुणांच्या डोळ्यांपुढें दोर व कुऱ्हाड घेऊन बर्फ तुडवीत चाललेला गिर्यारोहक उभा राहतो. एकाची दृष्टि पुण्याकडे, दुसऱ्याची पराक्रमाकडे. आणि सुटीचा बेत ठरवितांना या दोन दृष्टींचा मेळ कांहीं केल्या बसत नाहीं. ज्या कुटुंबांत असा पेंच पडत असेल त्यांनीं नेपाळांतील पोखरा हें शहर एकदां अवश्य पाहावें. तेथें देवीचें मंदिर सरोवराच्या मध्यें आहे, आणि त्याच सरोवरावरच्या आकाशांत माणसें कापडी पंखांनीं घिरट्या घालीत असतात. परंतु सर्वांची सोय होते एवढ्याचसाठीं तेथें जावें असें माझें म्हणणें नाहीं. धाडस कोठपर्यंत करावें आणि कोठें थांबावें, याचा जो धडा तेथील डोंगर, नदी आणि माणसें मिळून देतात, तो घरीं बसून पुस्तकांतून मिळण्यासारखा नाहीं.

शहर व त्याचा आसमंत

पोखरा काठमांडूच्या पश्चिमेस सुमारें सव्वाशें मैलांवर आहे. गंडकी प्रांताची ही राजधानी असून लोकसंख्येच्या मानानें तें नेपाळांतील दुसऱ्या क्रमांकाचें शहर आहे. २०२१ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती पांच लाखांहून अधिक भरली. ‘पोखरी’ म्हणजे तळें; संस्कृत ‘पुष्करिणी’चेंच तें रूप. नांव सर्वस्वीं सार्थ आहे, कारण या खोऱ्यांत नऊ सरोवरें असून २०१६ सालीं त्या सर्वांना मिळून रामसर कराराखालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाचें पाणथळ म्हणून मान्यता मिळाली.

समुद्रसपाटीपासून शहराची उंची अवघी २,७०० फूट. थंडींतहि तेथें बर्फ पडत नाहीं. अंगणांत केळीं आणि संत्रीं पिकतात. आणि त्याच अंगणांतून मान वर करावी तों पंधरासोळा मैलांवर माछापुच्छ्रेचें २२,९४३ फूट उंचीचें शिखर डोळ्यांत भरतें! माछापुच्छ्रे म्हणजे मत्स्यपुच्छ. पोखऱ्याहून तें एकाच तीक्ष्ण सुळक्यासारखें दिसतें. माशाच्या शेपटीसारखीं त्याचीं दोन टोकें पाहावयाचीं तर पश्चिमेच्या बाजूस जावें लागतें. त्याच्या दोन्ही हातांना अन्नपूर्णेचा परिवार पसरलेला आहे. हवा स्वच्छ असली म्हणजे अगदीं डावीकडे धवलगिरि आणि उजवीकडे दूर मनास्लु दिसतो. केळीच्या पानाआडून एवढें बर्फ दिसावें असें ठिकाण पृथ्वीवर विरळाच. दक्षिणेकडून येणारे मेघ या भिंतीवर आपटतात, म्हणून पोखऱ्यांत वर्षाला सुमारें दीडशें इंच आणि जवळच्या लुम्ले गांवीं दोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आश्विन-कार्तिक आणि फाल्गुन-चैत्र हे तेथें जाण्याचे खरे दिवस. पावसाळ्यांत गेल्यास आठ-आठ दिवस शिखर दृष्टीस न पडण्याचा संभव असतो.

या शहराची एक मौज अशी कीं, मोटारीपूर्वीं येथें विमान आलें. १९५८ सालीं विमानतळ झाला. भारताच्या सीमेकडून आणि काठमांडूहून येणारे मोटाररस्ते पुरे होण्यास त्यानंतर दहापंधरा वर्षें लागलीं. तोंवर तिबेटांतील मीठ व लोकर वाहून आणणारे खेचरांचे तांडे हीच येथील वाहतूक होती. जुन्या बाजारांत नेवार व्यापाऱ्यांचीं नक्षीदार खिडक्यांचीं विटांचीं घरें अजून कोठें कोठें उभीं आहेत. सरोवराकांठच्या झगमगाटांतून वेळ काढून एका सकाळीं त्या बाजूस फिरून यावें.

सरोवर आणि देवी

नऊ सरोवरांपैकीं मुख्य तें फेवा ताल. विस्तार पावणेदोन चौरस मैलांच्या आंतबाहेर, आणि खोली कोठेंहि ऐंशीं फुटांहून अधिक नाहीं. सकाळीं वारा सुटण्यापूर्वीं पाणी इतकें निश्चळ असतें कीं, माछापुच्छ्रेचें प्रतिबिंब त्यांत जसेंच्या तसें उमटतें. कांठावर रंगीत लांकडी होड्या मिळतात; त्यांना तेथें ‘डुंगा’ म्हणतात. वल्हविणाऱ्यांत बायकाहि पुष्कळ असतात. आमची होडी एका पन्नाशीच्या बाईनें वल्हविली. पाण्यांत उतरण्यापूर्वीं तिनें आम्हां सातहि जणांच्या अंगांत बुडूं न देणारीं जाकिटें चढवून त्यांचे बंद स्वतः ओढून पाहिले, आणि मगच वल्हें हातीं घेतलें.

सरोवरांतील बेटावर ताल बाराहीचें दुमजली छपराचें मंदिर आहे. बाराही म्हणजे आपल्या सप्तमातृकांतील वाराही. हिची कथा तेथें सर्वांच्या तोंडीं आहे. ज्या ठिकाणीं आज पाणी आहे तेथें पूर्वीं एक गांव होतें. देवी भिकारणीच्या वेषानें दारोदार गेली. कोणीं तिला घोटभर पाणीहि विचारलें नाहीं. एका गरीब घरानें मात्र तिला जेवूं घातलें. तेव्हां तिनें त्या घरच्यांना रातोरात टेंकडीवर जाण्यास सांगितलें, आणि पहाटेस गांव पाण्याखालीं गेलें. आमच्या आत्याबाई सत्तरी ओलांडलेल्या. प्रदक्षिणा करून झाल्यावर त्या म्हणाल्या, “कथा आपल्याच घरची वाटते. दारीं आलेल्याला रिकामें पाठवूं नये, हें सांगण्यासाठीं केवढें सरोवर करावें लागलें पाहा!” या कथेचा दुसराहि एक अर्थ असूं शकेल, तो पुढें सांगतों.

हें सरोवर आज मात्र सुरक्षित नाहीं. पश्चिमेकडून येणारी हर्पण नदी दर पावसाळ्यांत डोंगरांची माती आणून त्यांत टाकते, आणि त्या बाजूचें पाणी हटून शेतें व पाणथळ पुढें सरकत आहेत. जुन्या छायाचित्रांतील विस्ताराशीं ताडून पाहिल्यास गेल्या साठसत्तर वर्षांत सरोवर किती आक्रसलें तें ध्यानांत येतें. कांठावरच्या शेंकडों खाणावळी, नावाडी आणि दुकानदार यांचें पोट याच पाण्यावर चालतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही केवळ सौंदर्याची हानि नव्हे हें उघड होईल.

दक्षिणेच्या टेंकडीवर, वनांतून तासभर चढून गेलें म्हणजे, पांढरा शुभ्र शांतिस्तूप लागतो. जपानांतील निप्पोन्झान म्योहोजी पंथाच्या भिक्षूंनीं तो बांधविला; १९९९ सालीं काम पुरें झालें. या पंथाचे संस्थापक फुजी गुरुजी यांना गांधीजींचा सहवास आपल्या वर्ध्यासच घडला होता, हें ठाऊक असल्यास मराठी माणसाला तेथें थोडें अधिक आपलेपण वाटतें.

पांढरी नदी

शहराच्या पोटांतूनच सेती नदी वाहते. पण नवख्याला ती दिसत नाहीं. एखाद्या पुलावर उभें राहून कठड्यावरून वांकून पाहावें तेव्हां दीडशें फूट खालीं, एका अरुंद चिरेंत, दुधासारखें पाणी गर्जत चाललेलें दिसतें. सेती म्हणजे पांढरी. वरच्या पर्वतांतील चुनखडीचा भुगा पाण्यांत मिसळल्यानें तिला हा रंग येतो. ज्या भूमीवर शहर वसलें आहे ती वाळू, गोटे व चुना यांनीं एकत्र जखडलेली असल्यामुळें पाणी तिला वरून न झिजवितां आंतून कोरीत जातें. म्हणूनच येथें जागोजाग गुहा आहेत. उत्तरेस महेंद्र गुहा आणि वटवाघळांची चमेरे गुहा. दक्षिणेस गुप्तेश्वर महादेवाची गुहा. तिच्यासमोरच फेवा तालाचें बाहेर पडणारें पाणी एका विवरांत कोसळून एकाएकीं अदृश्य होतें. त्याचें तेथील नांव ‘पाताले छांगो’ म्हणजे पाताळचा धबधबा. परंतु १९६१ सालीं डेव्ही नांवाची एक स्विस स्त्री तेथें वाहून गेली, तेव्हांपासून परके लोक त्याला डेव्हीचा धबधबा म्हणूं लागले. गुहेच्या तळाशीं ओल्या पायऱ्या उतरून गेलें म्हणजे तेंच पाणी अंधारांत फटींतून कोसळतांना दिसतें.

येथील पृथ्वी नारायण कॉलेजच्या आवारांत ‘भीमकाली’ नांवाची एक प्रचंड शिळा आहे. वजन अंदाजें तीनशें टन. दोन मजली घराएवढी उंच. आसपास डोंगराचा कडा नाहीं, मग ही आली कोठून? भूगर्भशास्त्रज्ञांचें उत्तर असें कीं, सेतीच्या पुरानें ती आणून टाकली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार इ. स. ११००च्या सुमारास, १२५५ सालीं आणि १३४४ सालीं झालेल्या तीन महाभयंकर भूकंपांनंतर अन्नपूर्णेच्या कुशींतून दगडमातीचे लोट या खोऱ्यांत आले आणि त्यांनीं खोरें भरून काढलें. बाजूच्या ओढ्यांचीं तोंडें या भरावानें बुजलीं व त्यांच्या मागें पाणी तुंबून हीं सरोवरें झालीं. देवीच्या कथेंतील बुडालेलें गांव म्हणजे हीच आठवण, असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. पण लोकांच्या स्मृतींत कांहीं तरी घडलेलें टिकून राहिलें असावें, हा विचार मनांतून जात नाहीं.

आणि ही नदी अजून निवली आहे असेंहि नाहीं. ५ मे २०१२ रोजीं, आकाश निरभ्र असतांना, अन्नपूर्णा-चारच्या बाजूचा एक मोठा कडा ढासळला आणि सेतीस अकस्मात् पूर आला. वरच्या अंगाच्या खारापानी गांवीं लोक सुटीच्या दिवशीं उन्हाळ्यांत, म्हणजे उष्णोदकाच्या झऱ्यांत, स्नानास जमले होते. त्यांवर लोंढा आला. साठांहून अधिक माणसें मेलीं किंवा नाहींशीं झालीं. त्याच वेळीं एक रशियन वैमानिक प्रवाशास बर्फाचीं शिखरें दाखविण्यासाठीं लहानशा विमानांतून त्या बाजूस उडत होता. त्यानें तो लोंढा वरून पाहिला आणि तत्काळ पोखऱ्याच्या विमानतळास बिनतारी संदेश धाडला. तेथून बातमी रेडिओवर गेली, आणि खालच्या शहरांतील नदीकांठचे पुष्कळ लोक वेळीं बाजूस झाले. सहलीचें विमान हा केवळ श्रीमंतांचा चोचला होय, असें म्हणणाऱ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. त्या दिवशीं तें विमान कामीं आलें याचें कारण त्यांतील माणसाची नजर जागी होती.

आकाशांतील वाट

पोखऱ्याच्या पश्चिमेस सुमारें ५,२०० फूट उंचीचा सारंगकोट आहे. सरोवराकांठाहून तेथें तारेवर चालणारे पाळणे जातात, त्यामुळें गुडघे दुखणाऱ्यांनाहि सूर्योदय पाहतां येतो. पहिला किरण धवलगिरीवर पडतो कीं अन्नपूर्णेवर, यावर तेथें रोज शेंकडों लोकांचा वाद होतो आणि दोन मिनिटांत सर्व शिखरें सोन्याचीं झाल्यावर तो मिटतो.

पण हल्लीं सारंगकोटची कीर्ति आहे ती पॅराग्लायडिंगमुळें. उन्हानें डोंगराचा दक्षिणेकडचा उतार तापला म्हणजे त्यावरची हवा वर चढूं लागते. तिच्यावर आरूढ होऊन वैमानिक कापडी छत्रास वर वर नेतो आणि अर्ध्याएक तासानें सरोवराच्या कांठीं उतरतो. नवख्यास त्याच्या पुढें पट्ट्यांनीं बांधून घेतात. चढती हवा कोठें आहे हें वैमानिकांना गिधाडें दाखवितात. जेथें तीं पंख न हलवितां वर जातात तेथें हेहि जातात. हींच गिधाडें गुरांना टोंचावयाच्या डायक्लोफेनॅक औषधामुळें मध्यंतरीं नष्टप्राय होत चाललीं होतीं. मेलेल्या गुरांच्या मांसांतून तें त्यांच्या पोटांत जाई. २००६ सालीं भारत आणि नेपाळ या दोन्ही देशांनीं गुरांसाठीं त्याचा वापर बंद केला.

आमच्या पुतणीनें घरून निघतांनाच उडण्याचा हट्ट धरला होता. तिच्या आईचा रुकार अर्धामुर्धा, वडिलांचें मौन, आणि आत्याबाईंचा स्पष्ट नकार.

“आत्याआजी, रोज शेंकडों लोक उडतात,” पुतणी म्हणाली.

“रोज शेंकडों लोक रेल्वेचे रूळहि ओलांडतात,” आत्याबाई म्हणाल्या. “हा खेळ आहे कीं जिवाशीं पैज, तें मला आधीं पाहूं दे.”

त्या पाळण्यांतून वर आल्या आणि त्यांनीं वैमानिकासच गांठलें. तो पंचविशींतला गुरुंग तरुण होता. त्यांनीं आपल्या मोडक्या हिंदींत विचारलें, “वारा फिरला तर काय करतां?”

“आमा, वारा फिरेलसें वाटलें तर आम्ही उडतच नाहीं,” तो म्हणाला.

योगायोगानें त्या सकाळीं दक्षिणेकडून ढग येऊं लागले होते. तासभर वाट पाहून त्यानें अंथरलेलें कापड पुन्हां घडी घालून पिशवींत भरलें आणि आम्हांस दुसऱ्या दिवशीं येण्यास सांगितलें. पुतणीचें तोंड उतरलें. आत्याबाई मात्र प्रसन्न झाल्या. “ज्याला नाहीं म्हणतां येतें,” त्या म्हणाल्या, “त्याच्या हातीं मुलगी द्यायला हरकत नाहीं!” सगळे हंसले, तो बिचारा कांहीं न समजतां हंसला. दुसऱ्या दिवशीं आकाश निवळलें आणि पुतणी उडाली. खालीं आल्यावर तिनें शिखरांचें वर्णन केलेंच, पण प्रथम सांगितलें तें हें कीं, हर्पण नदी जेथें सरोवरास मिळते तेथें मातीचा तांबूस पंखा पाण्यांत कितीतरी आंतवर पसरलेला वरून स्पष्ट दिसतो. आम्ही होडींतून दोन दिवस हिंडलों, तरी तो आम्हांस कळला नव्हता.

याखेरीज सारंगकोटवरून तारेला लटकून मैलाहून अधिक अंतर, दोन हजार फूट खालीं, घसरत जाण्याची सोय आहे. कुश्मा येथें पुलावरून सुमारें साडेसातशें फूट दरींत दोर बांधून उडी मारतात. सेतीच्या वरच्या भागांत रबरी नावांतून खळाळावरून जातां येतें. यांतील प्रत्येकाचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. क्षणभर पोटांत गोळा उठणें हाच ज्याचा सारा लाभ, तें एकदां केलें काय आणि न केलें काय.

न तुडविलेलें शिखर

शहराच्या दक्षिण भागांत २००४ सालीं उघडलेलें आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालय आहे. घरांतील मुलांसह तेथें अर्धा दिवस तरी घालवावा. आठ हजार मीटरांवरील चौदाहि शिखरांच्या चढाईचा इतिहास तेथें मांडला आहे. या चौदांपैकीं माणसानें प्रथम सर केलेलें शिखर म्हणजे अन्नपूर्णा. उंची २६,५४५ फूट. ३ जून १९५० रोजीं मोरिस हेर्झोग व लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक कृत्रिम प्राणवायूशिवाय माथ्यावर पोंचले. परतीच्या वाटेवर हिमदंशानें दोघांचीं पायांचीं बोटें गेलीं, हेर्झोगचीं हातांचींहि गेलीं. विजय खरा, पण त्याची किंमतहि तितकीच खरी.

माछापुच्छ्रेची हकीकत याहून निराळी आहे. डोंगरांतील गुरुंग लोक तें शिखर पवित्र मानतात. १९५७ सालीं जिमी रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखालीं ब्रिटिश मंडळी त्यावर गेली, ती माथ्यावर पाय न ठेवण्याचें वचन देऊन. विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे दोघे माथ्यापासून सुमारें दीडशें फुटांवर पोंचले आणि तेथूनच परतले. पुढें कोण पाहणार होतें? तरी वचन पाळलें गेलें. त्यानंतर तें शिखर चढाईस बंद करण्यांत आलें तें आजतागायत बंदच आहे. पोखऱ्यांत प्रत्येक फलकावर, प्रत्येक खाणावळीच्या नांवांत त्याचें चित्र आहे. पण त्याच्या माथ्यावर पाय ठेवण्याची परवानगी कोणासहि मिळत नाहीं. हें एक शिखर तसेंच राहिलें म्हणून त्या शहराची शोभा कमी झाली असें मला वाटलें नाहीं.

डोंगरांत चालावयास जाणाऱ्यांनीं हाच विवेक बरोबर न्यावा. पून हिलचा चारपांच दिवसांचा मार्ग १०,५०० फुटांपर्यंत जातो. अन्नपूर्णेच्या मुख्य तळाची उंची १३,५५० फूट आहे. उंचीवर डोकें दुखूं लागलें, उलटी झाली, तर वर जाऊं नये. त्रास वाढल्यास त्याच दिवशीं खालीं उतरावें. ऑक्टोबर २०१४ मध्यें बंगालच्या उपसागरांतून आलेल्या हुदहुद वादळाच्या शेषानें थोरांग खिंडीच्या बाजूस अवेळीं बर्फ कोसळलें, आणि प्रवासी, वाटाडे व ओझीं वाहणारे मिळून चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. ओझें वाहणाऱ्यास तेथें ‘भरिया’ म्हणतात. त्याच्या पायांत बूट आणि अंगांत ऊबदार कपडे आहेत कीं नाहींत, हें निघण्यापूर्वीं आपण पाहावें. आपल्या हौसेचा भार तो वाहत असतो. मुलींना किंवा बायकांना एकटें जाण्यास संकोच वाटत असेल तर पोखऱ्यांत स्त्री वाटाड्याहि मिळतात. छेत्री घराण्यांतील तीन बहिणींनीं १९९४ सालीं हा व्यवसाय सुरू केला आणि पुढें डोंगरी मुलींना तो शिकविला. त्यांच्या मागून आतां पुष्कळजणी या कामांत आल्या आहेत.

घरच्या मंडळींसाठीं

आपल्याकडून जाणाऱ्यांस गोरखपूर, सुनौली आणि तेथून पाल्प्यावरून सिद्धार्थ महामार्गानें पोखरा असा मार्ग सोयीचा. रस्ता वळणांचा असल्यानें शेवटच्या टप्प्यास पुरता एक दिवस धरावा व रात्रीचा प्रवास टाळावा. भारतीयांस प्रवेशपत्र लागत नाहीं; परंतु पारपत्र किंवा मतदाराचें ओळखपत्र जवळ असावें. विमानानें जाणाऱ्यांनीं हवामानामुळें होणाऱ्या खोळंब्यासाठीं हातीं एक दिवस मोकळा ठेवावा. १५ जानेवारी २०२३ रोजीं, हवा स्वच्छ असतांनाहि, पोखऱ्यास उतरणारें एक प्रवासी विमान कोसळून आंतील ७२ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. चौकशींत असें दिसून आलें कीं, पंखे फिरते ठेवणारे दांडे चुकून भलत्या जागीं ओढले गेले होते. म्हणजे मेघ आणि पर्वत यांनाच दोष देऊन भागत नाहीं. शाकाहारी जेवणाची अडचण मुळींच नाहीं. डाळ, भात, भाजी आणि लोणचें हें तेथील रोजचेंच अन्न आहे.

परततांना आत्याबाईंनीं शाळिग्राम घेतला. आपल्या देवघरांतील शाळिग्राम ज्या काली गंडकीचे, ती पोखऱ्याच्या पश्चिमेकडून वाहते, आणि मुक्तिनाथाची वाटहि पोखऱ्याहूनच जाते. संग्रहालयांत पुतण्यानें त्यांना सांगितलें होतें कीं, आंतील चक्र म्हणजे हिमालयाच्या जागीं समुद्र असतांना, पंधरा कोटी वर्षांच्या आसपास, त्यांत राहणाऱ्या शंखधारी जीवाचा ठसा होय. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, शाळिग्राम पदरांत गुंडाळला आणि म्हणाल्या, “मग तर तो मी समजत होतें त्याहून जुना निघाला.”

ज्या घरांत तरुणांना उडावयाचें आहे आणि वडिलांना देवदर्शन करावयाचें आहे, त्यांनीं वेगवेगळ्या सहली न काढतां एकत्र जावें असें मला वाटतें. मुलांच्या हौसेस वडिलांचे प्रश्न लागतात, आणि वडिलांच्या भीतीसहि मुलांचें ज्ञान लागतें. निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सर्वांनीं मिळून बसावें. कोण काय करणार, कोण काय करणार नाहीं, आणि हवा फिरल्यास कोणाचा शब्द अखेरचा मानावयाचा, एवढें ठरवून घ्यावें आणि मग निर्धास्तपणें प्रवासास निघावें.